रॉलीत भाड्याचं घर आणि परिसर निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नॉर्थ कॅरोलायनाची राजधानी रॉली आणि तिच्या आसपासची केरी, मॉरिसव्हिल, एपेक्स, डरहॅम ही गावं गाडीतून फिरताना सलग एकच वस्ती वाटतात. प्रत्यक्षात एखादा रस्ता ओलांडला की काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग) बदलते, शाळा बदलते, टोल सुरू होतो. म्हणून खालच्या बहुतेक उत्तरांत एकच आग्रह आहे: परिसराच्या नावावर विसंबू नका, नेमका पत्ता तपासा.

शोधाची सुरुवात कुठून करावी, भाड्यापासून की परिसरापासून?

रोजच्या प्रवासापासून. कामाचं ठिकाण रिसर्च ट्रँगल पार्कमध्ये (कंपन्यांची मोठी वसाहत, सगळे तिला आरटीपी म्हणतात) आहे की रॉलीच्या मध्यभागी, यावर अर्धा निर्णय ठरतो. नकाशाच्या ॲपमध्ये मंगळवार किंवा बुधवार निवडा, पोहोचायची वेळ सकाळी साडेआठची टाका आणि परतीसाठी संध्याकाळी साडेपाचची. रविवारी दुपारी पाहिलेल्या वेळेला काही अर्थ नसतो. आय-४० हा रॉली, आरटीपी आणि डरहॅमला जोडणारा मुख्य रस्ता आहे. वेड ॲव्हेन्यू जिथे त्याला मिळतो, तिथे संध्याकाळी गाड्या हमखास तुंबतात. आय-४४० हा शहराभोवतीचा आतला वळसा, त्याला बेल्टलाइन म्हणतात. ‘बेल्टलाइनच्या आत’ असं जाहिरातीत दिसलं की भाडं जास्त असणार हे धरून चाला. बाहेरचा वळसा ५४०. त्याचा उत्तरेकडचा भाग मोफत आहे, पण मॉरिसव्हिलपासून एपेक्स आणि हॉली स्प्रिंग्जकडे जाणारा भाग टोलचा आहे. २०२४ मध्ये हा टोलरस्ता पुढे गार्नरजवळ आय-४० पर्यंत वाढला. तिकडचं घर स्वस्त वाटत असेल, तर महिन्याचा टोल भाड्यात मिळवून मग तुलना करा. टोल भरणार असाल तर क्विक पासचं उपकरण घ्या, घरी टपालाने येणारं बिल महाग पडतं.

कोणता परिसर कोणासाठी बरा?

मध्यवस्तीत, म्हणजे डाउनटाउनमध्ये, पायी फिरता येतं आणि २०१८ साली सुरू झालेलं युनियन स्टेशन जवळ आहे. पण ग्लेनवूड साउथच्या पट्ट्यात शुक्रवार-शनिवारी रात्री उशिरापर्यंत बारचा गोंगाट असतो. तिथलं घर शनिवारी रात्री अकरानंतर बाहेरून पाहिल्याशिवाय सही करू नका. पार्किंगचे पैसे इथे बहुधा वेगळे लागतात.

मॉर्डेकाय, ओकवूड, फाइव्ह पॉइंट्स ही जुन्या, मोठ्या झाडांची वस्ती. फार सुंदर आहे, पण मोठ्या अपार्टमेंट संकुलांची संख्या कमी. जुन्या घरांत जमिनीखाली रांगण्याएवढी पोकळी असते. तिथे ओल साचली की वास वर खोल्यांत येतो. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात शिकणाऱ्यांसाठी हिल्सबरो स्ट्रीट, एव्हेंट फेरी रोड आणि गॉर्मन स्ट्रीट सोयीचे. त्या भागात खोलीवार करार चालतात. तुमचा करार फक्त तुमच्या खोलीचा आहे की सगळ्या घराच्या भाड्याची जबाबदारी तुमच्यावर येते, हे आधी वाचून घ्या.

नॉर्थ हिल्समध्ये दुकानं, दवाखाने, कार्यालयं सगळं हाताशी आहे आणि भाडंही त्याच मानाने चढं. ब्रायर क्रीक विमानतळाजवळ आहे, यूएस-७० आणि आय-५४० दोन्ही जवळ, त्यामुळे आरटीपीला जाणाऱ्यांना उत्तम. विमानांचा आवाज मात्र पत्त्यागणिक बदलतो. धावपट्टीच्या सरळ रेषेत येणाऱ्या इमारतीत बाल्कनीत बसून बोलणं अवघड होतं. नॉर्थ रॉलीत, म्हणजे सिक्स फोर्क्स आणि फॉल्स ऑफ न्यूस रस्त्यांच्या आसपास, जुनी पण ऐसपैस घरं मिळतात. आरटीपी तिथून लांब पडतं. कॅपिटल बुलेव्हार्ड, आग्नेय रॉली आणि गार्नरकडे भाडं कमी असतं आणि दोन चौकांच्या अंतरातही फरक पडतो. या भागांना सरसकट वाईट ठरवणं चुकीचं आहे. रॉली पोलिसांकडची घटनांची नोंद शहराच्या खुल्या माहितीत नकाशावर बघता येते. ती बघा आणि अंधार पडल्यावर एक चक्कर मारा.

केरी आणि मॉरिसव्हिल ही मराठी कुटुंबांची नेहमीची निवड. मॉरिसव्हिलमध्ये हिंदू सोसायटीचं मंदिर, केरीत वेंकटेश्वर मंदिर, दोन्हीकडे भारतीय वाणसामान, आणि चर्च स्ट्रीट पार्कमध्ये क्रिकेटचं मैदान, जिथे २०२३ मध्ये मेजर लीग क्रिकेटचे सामने झाले. आरटीपी जवळ असल्यामुळे मागणी जास्त, म्हणून तेवढ्याच पैशांत घर थोडं लहान मिळतं.

‘भारतीय लोक कुठे राहतात?’, ‘हा भाग सुरक्षित आहे का?’ असं विचारलं की एजंट उत्तर टाळतात. का?

कायद्यामुळे. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यानुसार वंश, वर्ण, मूळ देश, धर्म, लिंग, अपंगत्व आणि घरात मुलं असणं या कारणांवरून घर नाकारता येत नाही, तसंच ठरावीक लोकांना ठरावीक भागाकडे वळवताही येत नाही. म्हणून जबाबदार माणूस अशा प्रश्नावर गप्प राहतो. त्याला उद्धटपणा समजू नका. हेच प्रश्न ओळखीच्या माणसांना विचारा. एजंटला मात्र ‘या पत्त्यापासून मंदिर किती मैल?’ किंवा ‘गेटला रात्री कुलूप असतं का?’ असे मोजता येणारे प्रश्न विचारा, उत्तर मिळतं. हाच कायदा तुमच्याही बाजूचा आहे: लहान मुलं आहेत म्हणून वरचा मजला मिळणार नाही, असं तुम्हाला कोणी सांगू शकत नाही.

शाळा चांगली आहे असं जाहिरातीत लिहिलंय. तेवढं पुरे का?

अजिबात नाही. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

संपूर्ण वेक काउंटीत एकच सार्वजनिक शाळाव्यवस्था आहे. शाळा पत्त्यावरून ठरते आणि तिला बेस स्कूल म्हणतात. शाळाव्यवस्थेच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून ती शोधता येते, दलालाच्या संकेतस्थळावरची माहिती जुनी असू शकते. पण बेस स्कूल कळली म्हणजे काम संपलं नाही. पश्चिमेकडच्या झपाट्याने वाढलेल्या भागांत काही शाळांना पटसंख्येची मर्यादा घातलेली असते. अशा शाळेच्या हद्दीत तुम्ही नव्याने राहायला आलात, तर मुलाला ठरवून दिलेल्या दुसऱ्या, लांबच्या शाळेत पाठवलं जाऊ शकतं. ही यादी वर्षागणिक बदलते. म्हणून सही करण्याआधी शाळाव्यवस्थेला फोन करून दोन प्रश्न विचारा: या पत्त्याची बेस स्कूल कोणती, आणि या इयत्तेत नवीन मुलांना तिथे जागा आहे का?

पुढे वेळापत्रक. वेकमधल्या बऱ्याच शाळा वर्षभर चालतात. मुलं चार गटांत (त्यांना ट्रॅक म्हणतात) विभागलेली असतात, साधारण ४५ दिवस शाळा आणि १५ दिवस सुट्टी असं चक्र चालतं. दोन मुलं वेगवेगळ्या वेळापत्रकांच्या शाळांत गेली की सुट्ट्या जुळत नाहीत, आणि भारतात जायचा बेत कोलमडतो.

काउंटीची हद्दही बघा. केरीचा पश्चिमेकडचा काही भाग चॅटम काउंटीत आहे, मॉरिसव्हिल आणि रॉलीचा थोडासा भाग डरहॅम काउंटीत. पत्त्यावर केरी लिहिलेलं असूनही मूल वेकच्या शाळेत जाणार नाही, असं होऊ शकतं. टपालाच्या पत्त्यातलं गावाचं नाव टपाल खात्याच्या सोयीचं असतं, हद्दीचा तो पुरावा नाही.

बालवर्गात प्रवेशासाठी ३१ ऑगस्टपर्यंत पाच वर्षं पूर्ण हवीत. नावनोंदणीला भाडेकरार किंवा वीज-पाण्याचं बिल, जन्मदाखला आणि लसीकरणाची नोंद लागते. राज्याच्या सरकारी शाळेत पहिल्यांदा येणाऱ्या मुलाची आरोग्य तपासणी शाळा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत जमा करावी लागते. भारतातून निघताना लसींचं मूळ कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा.

रॉली समुद्रापासून लांब आहे. मग पुराची काळजी कशाला?

कारण इथे पूर ओढ्यांना येतो. क्रॅबट्री क्रीक आणि वॉलनट क्रीक जोराच्या पावसात काठाबाहेर येतात. क्रॅबट्री व्हॅली मॉलच्या आसपासचा सखल भाग यासाठी ओळखला जातो. वेक काउंटीच्या आयमॅप्स या ऑनलाइन नकाशावर पत्ता टाकून पूररेषेचा थर चालू करा, किंवा राज्याचा पूरजोखीम नकाशा बघा. इमारत रेषेबाहेर असली तरी वाहनतळ आत असू शकतो, आणि गाडी तिथेच उभी राहणार आहे. भाडेकरूच्या नेहमीच्या विम्यात पुराचं नुकसान धरत नाहीत. राष्ट्रीय पूरविमा योजनेतून फक्त सामानाचा विमा घेता येतो, पण तो लागू व्हायला साधारण ३० दिवस लागतात. वादळाची बातमी आल्यावर घेऊन उपयोग नाही.

गाडी नसेल तर राहता येतं का?

डाउनटाउन, हिल्सबरो स्ट्रीट आणि विद्यापीठाच्या आसपास राहता येतं. गोरॉलीच्या शहर बस आहेत, गावांना जोडणाऱ्या गोट्रँगलच्या बस आहेत आणि विद्यार्थ्यांसाठी वुल्फलाइन आहे. केरी, मॉरिसव्हिल, ब्रायर क्रीकमध्ये गाडीशिवाय दिवस काढणं कठीण आहे. नकाशावर दुकान अर्ध्या मैलावर दिसतं, पण मध्ये सहा पदरी रस्ता असतो आणि पदपथ मध्येच संपतो. बसथांबा जवळ आहे एवढ्यावर समाधान मानू नका, रविवारी ती बस किती वेळाने येते ते बघा.

जाहिरातीतलं भाडं आणि प्रत्यक्ष भरायचे पैसे यांत एवढा फरक का पडतो?

दोन कारणं: सवलतीची मांडणी आणि जोड-आकार.

समजा भाडं १,६०० डॉलर आहे आणि बारा महिन्यांच्या करारावर एक महिना मोफत. वर्षाला १७,६०० डॉलर भरायचे, म्हणजे महिन्याला सरासरी सुमारे १,४६७. जाहिरातीत हा १,४६७ चा आकडा ठळक दिसतो. पण नूतनीकरणाच्या वेळी वाढ मूळ १,६०० च्या भाड्यावर मोजतात. शिवाय करार मध्येच मोडला तर ‘मोफत’ महिन्याचे पैसे परत मागण्याचं कलम बहुतेक ठिकाणी असतं. नॉर्थ कॅरोलायनात भाडेनियंत्रणाला कायद्यानेच मनाई आहे, त्यामुळे नूतनीकरणाच्या वाढीला वरची मर्यादा नाही. दोन-तीन वर्षं राहायचं असेल तर सवलतीपेक्षा मूळ भाड्याकडे बघा.

मग येतात दारातून कचरा उचलण्याचे पैसे (नको म्हणायची सोय बहुधा नसते), कीडनियंत्रण, पार्किंग, पाळीव प्राण्याचं मासिक भाडं, आणि पाणी-सांडपाण्याचा वाटणीचा आकार. या शेवटच्या आकारात तुमच्या घराला वेगळं मीटर नसेल, तर इमारतीचं बिल माणसं किंवा चौरस फूट मोजून वाटलं जातं. दोन जणांनी काटकसर केली तरी बिल उतरत नाही. कार्यालयाकडून लेखी मागा: दरमहा सक्तीचे सगळे आकार, आणि घरात शिरण्याआधी एकूण किती रक्कम.

मोठ्या संकुलांचे दर सॉफ्टवेअर ठरवतं आणि ते रोज हलतात. अशा एका सॉफ्टवेअर कंपनीवर अमेरिकेच्या न्याय विभागाने ऑगस्ट २०२४ मध्ये खटला भरला, त्यात नॉर्थ कॅरोलायना राज्यही सामील होतं. भाडेकरूने करण्यासारखं एवढंच, की त्याच घराचे ११, १३ आणि १४ महिन्यांचे दर मागायचे आणि राहायला येण्याची तारीख आठवडाभर मागेपुढे करून बघायची. करार मे ते ऑगस्टमध्ये संपला तर पुढचं घर गर्दीच्या हंगामात शोधावं लागतं. हिवाळ्यात संपला तर घासाघीस जमते.

नुकतेच भारतातून आलोय. क्रेडिट (कर्जफेडीचा इतिहास) नाही, सोशल सिक्युरिटी क्रमांक नाही. घर मिळेल का?

मिळतं, तयारी लागते. बहुतेक संकुलं भाड्याच्या तिप्पट मासिक उत्पन्न मागतात. पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेत आल्याची सरकारी नोंद), व्हिसाची मंजुरी, पगार लिहिलेलं नेमणूकपत्र आणि बँकेचं स्टेटमेंट एकाच पीडीएफमध्ये ठेवा. अर्ज करण्याआधी ‘सोशल सिक्युरिटी क्रमांकाशिवाय अर्ज घेता का?’ असं ईमेलने विचारा, कारण अर्जाचे पैसे परत मिळत नाहीत. क्रेडिट नसल्यास जास्त अनामत मागतात, पण महिन्याहून मोठ्या मुदतीच्या करारावर कायद्याने अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. क्रेडिट अहवालावरून नाकारलं, तर तशी सूचना मिळायला हवी आणि ६० दिवसांत त्या अहवालाची मोफत प्रत मागता येते.

आल्या आल्या वर्षाचा करार करण्याची घाई करू नका. दोन-तीन आठवडे आठवड्याच्या दराच्या हॉटेलात काढून घरं डोळ्यांनी बघणं शेवटी स्वस्त पडतं.

घर बघायला गेल्यावर नेमकं काय तपासायचं?

नमुन्याचं घर नको, जे घर मिळणार तेच दाखवा असा हट्ट धरा.

सगळ्यात आधी एसी. इथला उन्हाळा दमट असतो आणि एसीवर घराचं आरोग्य अवलंबून असतं. थर्मोस्टॅट पाच अंशांनी खाली करा आणि पंधरा मिनिटं थांबा. मग हवा आत ओढणाऱ्या जाळीपाशी आणि थंड हवा सोडणाऱ्या जाळीपाशी साध्या थर्मामीटरने तापमान घ्या. दोन्हींत साधारण १५ ते २० अंश फॅरनहाइटचा फरक हवा. फारच कमी असेल तर शीतद्रव्य कमी आहे, आतली थंड करणारी कॉइल मळली आहे किंवा यंत्र थकलं आहे. बाहेरच्या यंत्रावरची पट्टी वाचा. त्यावर आर-२२ लिहिलेलं असेल तर यंत्र जुनं आहे, कारण त्या वायूचं अमेरिकेतलं उत्पादन आणि आयात २०२० पासून बंद आहे. जाळी उघडून फिल्टर बघा. तो काळा असेल तर त्या घराची देखभाल कशी झाली असेल हे कळतं.

मग ओल. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात डोकं घालून वास घ्या. स्वयंपाकघराच्या आणि बाथरूमच्या बेसिनखालची फळी दाबून बघा, फुगलेली असेल तर गळती होऊन गेली आहे. बाथरूमच्या पंख्याच्या जाळीला टिश्यू लावा, चिकटून राहिला तर पंखा हवा खेचतो. छोटा आर्द्रतामापक सोबत न्या, घरात सतत ६० टक्क्यांच्या वर आकडा असेल तर बुरशी येणारच.

बहुतेक अपार्टमेंटमध्ये गरम हवेसाठी हीट पंप (एसीसारखंच, पण उलटंही चालणारं यंत्र) असतो. बाहेर गोठणबिंदूच्या आसपास थंडी गेली की त्यातली जास्तीची विजेची कॉइल चालू होते आणि बिल उडी मारतं. म्हणून फक्त मे महिन्याचं बिल विचारू नका, जानेवारी आणि जुलैचंही विचारा. राहायला लागल्यावर हिवाळ्यात थर्मोस्टॅट सारखा वर-खाली करू नका, प्रत्येक मोठ्या उडीला ती कॉइल चालू होते.

फोनला रेंज आतल्या बेडरूममध्ये तपासा. इंटरनेट कंपनी पत्त्यावरून शोधा. समोरच्या इमारतीत फायबर आहे म्हणजे तुमच्याकडे असेलच असं नाही, काही संकुलांचा एकाच कंपनीशी करार असतो.

आपल्या स्वयंपाकाच्या दृष्टीने काय बघावं?

शेगडीवरचा पंखा हवा बाहेर टाकतो की जाळीतून परत घरातच सोडतो, हे बघा. मायक्रोवेव्हला जोडलेले बरेच पंखे हवा फक्त फिरवतात. मग फोडणी टाकली की धूरसूचक वाजतो आणि पडद्यांना वास बसतो. पंखा चालू करून मायक्रोवेव्हच्या वरच्या कडेला हात धरा. तोंडावर वारा आला तर हवा बाहेर जात नाही. काचेच्या विजेच्या शेगडीवर गोल बुडाची कढई तापत नाही, सपाट बुडाची भांडी लागतील.

कोणता मजला घ्यावा?

इथे पहिला मजला म्हणजे तळमजला. इथली तीन मजली संकुलं लाकडी सांगाड्याची असतात, लिफ्ट बहुधा नसते आणि वरच्यांची पावलं स्पष्ट ऐकू येतात. झोप हलकी असेल तर सगळ्यात वरचा मजला घ्या, पण छताखाली उन्हाळ्याचं बिल वाढतं. आई-वडील येऊन राहणार असतील तर तळमजला, तिथे मात्र ओल आणि मोठी झुरळं यांची तपासणी दुप्पट बारकाईने करा. पश्चिमेकडे मोठ्या काचा असलेली खोली दुपारी तापते.

मोठं संकुल बरं की खासगी मालकाचं टाउनहोम?

टाउनहोममध्ये (एकमेकांना चिकटलेल्या रांगेतल्या घरात) जागा, गॅरेज आणि शांतता मिळते, पण दुरुस्ती मालकाच्या तत्परतेवर अवलंबून असते आणि मालकाने घर विकायला काढलं तर करारानंतर हलावं लागतं. गवत कोण कापणार, एसीचा फिल्टर कोण बदलणार, सोसायटीचा दंड कोण भरणार, हे करारात लिहून घ्या.

फसवणूक कशी ओळखायची?

भाडं आसपासच्यापेक्षा बरंच कमी, मालक ‘परदेशात’, किल्ली कुलूपपेटीतून घ्या, आणि पैसे झेल (Zelle, बँकखात्यातून लगेच पैसे पाठवण्याची सेवा) वरून आजच पाठवा. ही चौकट दिसली की थांबा. वेक काउंटीच्या मालमत्ता नोंदीत पत्त्यावरून मालकाचं नाव मोफत दिसतं. समोरच्याचं नाव जुळत नसेल आणि तो एजंट असल्याचं सांगत असेल, तर राज्याच्या रिअल इस्टेट कमिशनकडे त्याचा परवाना शोधा. घर आतून पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. ओळखीच्या कोणी जाऊन व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर चालेल.

करारातली कोणती कलमं नीट वाचावीत?

सोडण्याची सूचना किती दिवस आधी द्यायची (बऱ्याचदा ६०), सूचना दिली नाही तर करार आपोआप महिन्यावर जातो का आणि त्याचा दर काय, आणि मुदतीआधी सोडल्यास किती दंड. व्हिसावर असणाऱ्यांनी हे शेवटचं कलम सर्वांत आधी वाचावं, कारण नोकरी गेली म्हणून करारातून आपोआप सुटका होत नाही. भाडं उशिरा भरल्याचा दंड पाच दिवस उलटल्यावरच लागू शकतो, आणि मासिक भाड्यासाठी तो १५ डॉलर किंवा भाड्याच्या ५ टक्के यांपैकी जे जास्त असेल, तेवढाच. तोंडी दिलेली आश्वासनं, उदाहरणार्थ ‘गालिचा बदलून देऊ’, करारात तारखेसह आली पाहिजेत.

एसी बंद पडला आणि कार्यालय दाद देत नाही. भाडं थांबवू का?

थांबवू नका. नॉर्थ कॅरोलायनात न्यायालयाच्या निर्णयाआधी स्वतःहून भाडं रोखता येत नाही. रोखलं तर घर खाली करून घेण्याचा दावा तुमच्यावरच येतो आणि त्याची नोंद पुढचं घर शोधताना आडवी येते. मालकाने बसवून दिलेली वीज, नळ, गरम-थंड हवेची यंत्रणा चालू ठेवणं ही त्याची कायदेशीर जबाबदारी आहे, पण आणीबाणी सोडली तर त्यासाठी त्याला लेखी कळवलेलं असावं लागतं. फोन करून झाल्यावर ईमेलही पाठवा: तारीख, खोलीतलं तापमान, फोटो. तरीही हललं नाही तर काउंटीच्या स्मॉल क्लेम्स (लहान रकमांच्या दाव्यांच्या) न्यायालयात मॅजिस्ट्रेटसमोर दावा करता येतो, तिथली कमाल मर्यादा १०,००० डॉलर आहे. आणि भाडं थकलं तरी मालक स्वतःच कुलूप बदलून किंवा वीज तोडून तुम्हाला बाहेर काढू शकत नाही, त्यासाठी त्याला न्यायालयातच जावं लागतं.

अनामत पूर्ण परत कशी मिळवायची?

काम पहिल्या दिवशी सुरू होतं. सामान आत आणण्याआधी प्रत्येक खोलीचा सलग व्हिडिओ काढा. गालिचावरचे डाग, पट्ट्यांच्या पडद्यांची मोडलेली पाती, ओव्हनचा आतला भाग, खिडकीच्या जाळ्या, काही सोडू नका. तपासणीचा फॉर्म भरून त्याची प्रत ईमेलने स्वतःलाही पाठवा. मालकाने अनामत बँकेच्या विश्वस्त खात्यात ठेवायची असते किंवा त्यासाठी बाँड (रकमेची हमी) काढायचा असतो, आणि ती कुठे आहे हे करार सुरू झाल्यापासून ३० दिवसांत कळवायचं असतं.

निघताना नवा पत्ता लेखी द्या. हे राहून गेल्यामुळे कित्येक धनादेश जुन्या पत्त्यावर जातात. घर ताब्यात दिल्यावर ३० दिवसांत पैसे किंवा कपातीचा तपशीलवार हिशेब यायला हवा. नुकसान किती हे तोवर ठरत नसेल तर ३० दिवसांत तात्पुरता आणि ६० दिवसांत अंतिम हिशेब. रोजच्या वापराने होणाऱ्या झिजेचे पैसे कापता येत नाहीत. भिंतीचा फिकटलेला रंग किंवा चालण्याच्या वाटेवर दबलेला गालिचा ही झीज, इस्त्रीने जाळलेला गालिचा हे नुकसान. हिशेबात ‘साफसफाई’ एवढाच मोघम शब्द असेल तर पावत्या मागा आणि पहिल्या दिवसाच्या व्हिडिओचा दुवा त्याच ईमेलला जोडा.